देवीपुढची गोळी

डॉक्टरांनी गोळी वाढवली की माणसं घाबरतात. माझं उलटं झालं. डॉक्टर मॅडमनी माझी गोळी बंद केली आणि मला घाम फुटला. तसा घाम मला त्या दिवसांत उठसूट फुटायचाच, पण हा वेगळा होता.

मला प्रोस्टेटचा कॅन्सर आहे. कळला तेव्हाच तो हाडांपर्यंत गेलेला होता, त्यामुळे कापून काढून टाकण्याचा विषयच नव्हता. पुरुषाच्या अंगातल्या हार्मोनवर हा आजार पोसतो, म्हणून ते हार्मोनच दाबून ठेवायचं, अशी माझी ट्रीटमेंट. काही महिन्यांनी एकदा पोटात इंजेक्शन आणि रोज एक पांढरी गोळी. गोळीचं नाव घ्यायला जीभ वळायची नाही, म्हणून आमच्या घरात तिचं नाव ‘पांढरी’ पडलं. पांढरी घेतलीत का, पांढरी संपत आली, असं चालायचं. या सगळ्याने अंगातून वाफा निघायच्या, छाती दुखायची, चिडचिड व्हायची. मी पंखा फुल्ल करून बसलो की आमची ही पदर तोंडाला लावून हसायची. म्हणायची, “माझी पाळी जाताना मी पंखा लावला की वीजबिल दाखवायचात ना? आता घ्या वारा.” मी तिच्यावर खेकसायचो, पण पंखा बंद करायचो नाही.

त्रास होता, तरी त्या पांढरीवर माझा जीव होता. तिने मला काही वर्षं दिली होती. रक्ताच्या रिपोर्टमधला पीएसएचा आकडा तिने खाली आणून ठेवला होता, आणि हे माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं. म्हणून मी एक नेम धरला होता. आमचं मूळ गाव रत्नागिरीकडचं. गावच्या देवीचा एक छोटा चांदीचा टाक आमच्या देव्हाऱ्यात आहे, आई गावाहून येताना पदराला बांधून घेऊन आली होती. दिवेलागणीला त्या टाकापुढे निरांजन लागलं की मी एका स्टीलच्या वाटीत पांढरी ठेवायचो, हात जोडायचो, थोडा वेळ तशीच राहू द्यायचो आणि मग तीर्थाच्या पाण्याबरोबर घ्यायचो. म्हणजे ती गोळी मी औषध म्हणून घेतच नव्हतो. तो माझा प्रसाद होता.

त्या वाटीचंही सांगायला हवं. मी भाईंदरला एका भांड्यांच्या दुकानात भांड्यांवर नावं टाकायचं काम केलं, ते पार रिटायर होईपर्यंत. लग्नाची भांडी, बारशाची भांडी, कुणाकडून कुणाला, सगळं मशीनने कोरायचं. मशीन पहिल्यांदा हातात धरलं तेव्हा सराव म्हणून आईची ही नैवेद्याची वाटी घेतली होती. ‘सुभद्रा’ असं तिचं नाव टाकलं आणि त्यातला ‘भ’ असा काही घसरला, की आई म्हणाली, माझ्या नावाला लंगडं केलंस की रे! पुढे हजारो नावं सरळ कोरली, पण आईने तीच वाटी शेवटपर्यंत देवापुढे ठेवली. ती गेल्यावर मीही तीच ठेवत आलो.

तर त्या दिवशी आकडा वर गेला होता. एकदाच नाही, लागोपाठ दोन रिपोर्टांत. मॅडम वयाने माझ्या मुलीसारख्या. शांतपणे म्हणाल्या, “काका, इंजेक्शन चालूच ठेवायचं. पण ही गोळी आता बंद. काही आठवडे नवीन काही द्यायचं नाही, फक्त बघायचं. मग लागली तर दुसरी गोळी सुरू करू.” मी म्हटलं, आकडा वाढतोय आणि तुम्ही गोळी काढून घेताय? त्या म्हणाल्या, “काही जणांमध्ये हीच गोळी काही वर्षांनी उलटते. आजाराला अडवायचं सोडून त्यालाच भरवायला लागते. तुमच्यात तसं झालंय की नाही, ते बंद केल्याशिवाय कळणार नाही.”

मला ते पटलं नाही. घरी येईपर्यंत रिक्षात मी तेच घोळवत होतो. इतकी वर्षं जिने वाचवलं, ती आता उलटली? माणूस उलटतो, कबूल. गोळी कशी उलटेल? आणि देवीपुढे ठेवून घेतलेला प्रसाद आजाराला भरवतो, हे तर कानाला ऐकवतच नव्हतं. मधले ते आठवडे मला डोळ्यांसमोर दिसायला लागले. हातात काही नाही, आत आजार मोकाट सुटलाय आणि आपण नुसतं बघत बसायचं. मरणाची भीती काय असते, ती मला आजार कळला तेव्हासुद्धा इतकी कळली नव्हती.

घरात पांढरीची पाकिटं शिल्लक होती. संध्याकाळ झाली, निरांजन लागलं आणि मी नेहमीसारखी वाटीत गोळी ठेवली. हिने पाहिलं. “मॅडमनी काय सांगितलं?” म्हणाली. मी म्हटलं, प्रसादाला नाही म्हणायचं नसतं. ती म्हणाली, “अहो, प्रसाद देव देतो. ही तुम्हीच ठेवताय आणि तुम्हीच उचलताय.” मला राग आला, कारण ती बरोबर बोलली होती. मी गोळी घेतली. दुसऱ्या दिवशीही घेतली, तिसऱ्या दिवशीही. ही रडली, माझ्याशी बोलायची बंद झाली, जेवण वाढून दुसरीकडे बघत बसायला लागली. शेवटी एका संध्याकाळी भांडण चांगलंच पेटलं आणि मी देव्हाऱ्याकडे हात करून ओरडलो, “तिला नको असेल ना, तर तिने उचलावी! तिच्यासमोरच ठेवतोय मी. चोरून नाही खात!”

हिने देव्हाऱ्याकडे पाहून हात जोडले. हळूच म्हणाली, असलं बोलू नये.

दुसऱ्या दिवशीची गोष्ट. दिवेलागणीला दार उघडं ठेवायची आमची पद्धत आहे, लक्ष्मी यायची वेळ म्हणून. चौथ्या मजल्यावर काय लक्ष्मी येणार, असं मी म्हणायचो, पण दार उघडं असायचं. बाहेरची जाळी नुसती लोटलेली. मी वाटीत पांढरी ठेवली, हात जोडले आणि हॉलमधल्या खुर्चीत टेकलो. ही खाली कोथिंबीर आणायला गेली. या ट्रीटमेंटमध्ये थकवा असा येतो की बसल्याजागी डोळा लागतो. माझाही लागला. पूर्ण झोप नव्हती. त्यात मला गॅलरीतून कुणीतरी कुणाला तरी हाक मारल्यासारखं वाटलं. मग जाळी वाजली. मग स्वयंपाकघरात माठातून पाणी घेतल्याचा आवाज, बायकांचं हलक्या आवाजात बोलणं, एकीचं हसणं. मला वाटलं, ही आली, शेजारीण आली असेल बरोबर. डोळे उघडावेत असं वाटत होतं, पण पापण्या उचलेनात. भीती अजिबात नव्हती. लहानपणी ताप आला की आई शेजारच्या खोलीत वावरायची, तसं काहीसं वाटत होतं.

जाग आली ती हिच्या आवाजाने. कोथिंबिरीची पिशवी हातात, चपला अजून पायात. “जाळी अशी सताड उघडी टाकून झोपलात?” मी म्हटलं, तूच तर आत होतीस ना? म्हणाली, मी आत्ता येतेय. ती स्वयंपाकघरात गेली आणि तिथून ओरडली, “शुगर वाढलीय माहितेय ना तुम्हाला? गुळाचा डबा कशाला उघडलात?” मी गुळाला हात लावला नव्हता. ओट्यावर डबा उघडा होता, आणि शेजारी पाणी पिऊन पालथा घातलेला पेला. आमच्या घरात पेला पालथा कुणी घालत नाही. आई घालायची.

मग मी देव्हाऱ्याकडे पाहिलं. निरांजन जळत होतं, टाक जागेवर होता, घंटा होती. वाटी नव्हती. वाटीही नव्हती आणि गोळीही नव्हती.

आम्ही दोघांनी सगळं घर शोधलं. देव्हाऱ्याच्या मागे, कपाटाखाली, गॅलरीत. मी खाली जाऊन वॉचमनला विचारलं, कोई आया था क्या? तो म्हणाला, “हाँ अंकल, सूखी मच्छीवाली गयी थी ऊपर. आपके यहाँ से ही तो आवाज दी थी उसको.” मला जरा हुश्श वाटलं. म्हणजे कुणी बाई आली, वाटी उचलून गेली. वर येऊन मी हिला तसं सांगितलं. ती तिथेच खुर्चीत बसली. म्हणाली, “वाटी नेली असेल हो. चांदीचं निरांजन सोडून स्टीलची वाटी नेली, तेही असेल. पण तिला हाक कुणी मारली?”

मी पुन्हा देव्हाऱ्याकडे पाहिलं. ही माझ्याकडे बघत म्हणाली, “तुम्ही काल काय म्हणालात? तिने उचलावी. उचलली.” तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मी त्या रात्री गोळी घेतली नाही. घ्यायला पाकीट काढलं होतं, पण हात पुढे होईना. उरलेली सगळी पाकिटं मी हिच्या हातात दिली.

त्यानंतरचे आठवडे कसे गेले, ते माझं मला माहीत. दिवसा ठीक असायचं. संध्याकाळ झाली की मी घड्याळाकडे बघायला लागायचो. निरांजन लागायचं आणि मला देवीपुढे ठेवायला काही नसायचं. रिकामे हात जोडायचे, बस्स. एक गोष्ट तेव्हा माझ्या लक्षात आली. हायवेची धूळ आमच्या घरात फार येते, देव्हाऱ्याची फळी दोन दिवसांत पांढरट होते. पण जिथे वाटी असायची, तेवढा गोल स्वच्छ राहायचा, आत्ताच कुणी वाटी उचलल्यासारखा. मी हिला विचारलं, तू पुसतेस का? तिला वाटत होतं, मीच पुसतो. आम्ही पुन्हा तो विषय काढला नाही. मी त्या गोलाकडे बघत बसायचो आणि म्हणायचो, बाई गं, माझ्या हातात आता काही नाही. तू आहेस आणि ते इंजेक्शन आहे. याला कुणी श्रद्धा म्हणेल. मी खरं सांगतो, ती लाचारी होती. मी दुसरं काही करूच शकत नव्हतो.

रक्त तपासलं. रिपोर्ट घ्यायला मी गेलोच नाही, ही गेली. परत आली तेव्हा दारातच उभी राहून रडायला लागली आणि मी म्हटलं, संपलं. मग ती रडतारडता हसली. आकडा खाली आला होता. थोडाथोडका नाही, चांगला खाली. मॅडमनी समजावून सांगितलं की गोळी थांबवल्यावर काही जणांमध्ये असं होतं, सगळ्यांमध्ये होत नाही, तुमचं नशीब चांगलं. हेही सांगितलं की हे कायम टिकत नाही, पुढेमागे दुसरी गोळी लागेल. मी मान हलवत होतो. मला त्यांना वाटीचं सांगावंसं वाटलं, पण सांगितलं नाही.

थंडीच्या शेवटी हिने हट्ट धरला, चला, उत्तनला जाऊ, बोंबील घेऊ, वारा खाऊ. भाईंदर पश्चिमेहून बसने निघालो. मुर्धा गाव गेलं, राई गाव गेलं, जुन्या मिठागरांत भरतीचं पाणी शिरून स्तब्ध उभं होतं. पुष्कळ दिवसांनी मला भूक लागली होती. किनाऱ्याला बांबूंच्या दोऱ्यांवर बोंबील वाळत होते. एक बाई खाली सुकट पसरून बसली होती, गळ्यात क्रूस, अंगावर लुगडं. ही तिच्याशी भावावरून हुज्जत घालत होती आणि मी बाजूला उभा होतो. तिने सहज विचारलं, कुठनं आलात? हिने आमच्या सोसायटीचं नाव सांगितलं, सिल्व्हर पार्क.

बाईचा हात थांबला. म्हणाली, “तिथं एका आजीची वाटी माझ्याकडं ऱ्हायलीय. देवाच्यान सांगते, चोरली न्हाय. टोपलीत चुकून आली. दोनदा आले परत द्यायला, पण तिथं सगळ्या बिल्डिंगी सारख्याच. गुडघ्यानं चढवत न्हाय.” असं म्हणून ती घरात गेली आणि वाटी घेऊन आली. हातात घेऊन उलटीपालटी करून बघायची गरजच पडली नाही. बाजूनेच दिसलं. सुभद्रा. ‘भ’ घसरलेला.

बाई आपल्याच नादात सांगत राहिली. खालून चालले होते, वरून आजीनं हाक मारली. मासळी घ्यायला न्हाय, म्हटली, दमलीस, पाणी पिऊन जा. हिरवं लुगडं, एवढं कुंकू, तोंडात दात न्हाय. खुर्चीत एक दादा झोपला होता, त्याच्याकडं बोट करून म्हटली, हळू बोल, जागा होईल. “आनी दादा, एक गंमत. देवाम्होरची ही वाटी घेतली, त्यातलं काय पांढरं होतं ते तोंडात टाकलं आनी असं कडू तोंड केलं! मी म्हटलं, आजी काय खाल्लं गं? तर म्हटली, लेकाचं उष्टं. टाकायचं कसं? मग पदरानं वाटी पुसली, त्यात गूळ घातला, म्हटली, नुसतं पाणी पिऊ नको.”

ती हसली. मग विचारलं, “आजी बरी हाय ना?”

हिने माझा हात घट्ट धरला. मी त्या बाईकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर काही नव्हतं, चौकशी होती, बस. मी म्हटलं, “हो. बरी आहे.” ती म्हणाली, थांबा, रिकामी कशी देऊ, आणि आत जाऊन वाटीत मूठभर तांदूळ घालून घेऊन आली. हिने पदर पुढे केला. परतीच्या बसमध्ये हिने तांदळाची गाठ मांडीवर धरली होती आणि मी वाटी. मी रडलो. भर बसमध्ये, हुंदके देऊन. कंडक्टर विचारायला लागला, काय झालं काका? ही त्याला म्हणाली, काही नाही, त्यांची आई भेटली.

ती देवी होती की माझी आई होती, मला माहीत नाही. घराची जाळी उघडी होती, मी झोपेत होतो, बाईचा काही घोटाळा झाला असेल, असंही कुणी म्हणेल. म्हणू दे. मी वाद घालणार नाही. हे वाचून कुणी आपल्या मनाने गोळ्या बंद करू नयेत, एवढं मात्र हात जोडून सांगतो. मला गोळी बंद करायला डॉक्टरांनीच सांगितलं होतं. मी ऐकलं नाही, म्हणून तिला यावं लागलं. मी हातातली वस्तू गच्च धरून ठेवत होतो आणि त्याला भक्ती म्हणत होतो. सगळं तुझ्यावर सोडलं असं रोज म्हणायचो, आणि मूठ काही सोडत नव्हतो.

त्या तांदळाचा भात हिने दुसऱ्या दिवशी देवीला दाखवला आणि मी तो जेवलो. पुढे आकडा पुन्हा वर सरकायला लागला, तेव्हा मॅडमनी नवी गोळी सुरू केली. ती सकाळी उपाशीपोटी घ्यायची असते. मी साध्या पाण्याबरोबर घेतो, औषधासारखी. ती किती दिवस चालेल, मॅडमना माहीत नाही, मलाही नाही. उलटली तर बंद करू.

वाटी आपल्या जागेवर आहे. दिवेलागणीला दार उघडं असतं आणि मी तिच्यात गुळाचा खडा ठेवतो. लहानपणी माझ्या ताटात राहिलेलं आई भिंतीकडे तोंड करून खाऊन टाकायची. कारल्याची भाजी मी नेहमी टाकायचो, तीसुद्धा. तिला काय लागायचं, हे माझ्या कधी मनातही आलं नाही. आता रोज गूळ ठेवताना मी टाकाकडे बघून हळूच विचारतो, “फार कडू लागली का गं?”